भार आणि भोग

ज्या देवतेचे मंदिर एकाहून अधिक वेळा जमीनदोस्त झाले, आणि तरीही जिच्या सामर्थ्याविषयी उपासकांच्या मनात तिळमात्र किंतु उत्पन्न झाला नाही, अशा देवतेच्या अंगणात बसून, घर कोसळले म्हणजे त्यात राहणाऱ्याचे पाप फळास आले काय, हा जुनाच प्रश्न नव्याने विचारावा, यात मला विशेष औचित्य वाटते. डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर ही ती देवता. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या बिरुदांत आणि नाण्यांवर या देवाचे नाव येते. मूळ स्थान मांडवीतल्या दिवाडी बेटावरचे. तेथील देवालय बहमनी अमदानीत मोडले, विजयनगरचा मंत्री माधव याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुनश्च पाडले; तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार आणून नार्व्यास त्याची स्थापना केली. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे जीर्णोद्धार करविला, त्याचा शिलालेख आजही तेथे पाहावयास मिळतो. या साऱ्या उलथापालथीत, देवाचे घर पडले त्या अर्थी देवाच्याच संचितात काही खोट असली पाहिजे, असे अनुमान एखाद्या शास्त्र्याने काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माणसाचे घर पडले की मात्र हे अनुमान निघण्यास तेरावा दिवसही उजाडावा लागत नाही.

यावर परंपरेचा अभिमानी मनुष्य एक भेद पुढे करील, आणि तो भेद विचार करण्याजोगा आहे. तो म्हणेल की देऊळ पाडले ते माणसांनी, तो आधिभौतिक ताप. भूकंप हा आधिदैविक ताप, त्यात मनुष्याचा हात नाही, म्हणून त्याचा अर्थ लावावयाचा तर तो दैवाच्याच भाषेत लावला पाहिजे. तापत्रयाची ही विभागणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिची रुजुवात करून पाहावी, असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु भूकंपात माणसे मरतात ती जमीन हलल्यामुळे नव्हे, तर जमिनीवर माणसाने जे उभे केले ते अंगावर आल्यामुळे. मोकळ्या शेतात बसलेल्या माणसाला तोच भूकंप हिसका देतो, बहुधा भयभीत करतो, आणि सोडून देतो. जमीन आधिदैविक असेल. भिंत खचित आधिभौतिक आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मांडली गेली, तिचा गोव्याच्या इतिहासाशी दूरान्वयाने का होईना संबंध आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, चर्चे माणसांनी भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने, मागोमाग आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि शेवटी आगीने उद्ध्वस्त झाले. त्या काळी नार्वे पोर्तुगीजांच्या गोव्यातील जुन्या मुलखात, म्हणजे ‘जुन्या काबिजादी’त, मोडत नव्हते. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीअखेरीस ‘नव्या काबिजादी’त सामील झाले. पण ज्या राजधानीतून जुन्या काबिजादीला हुकूम सुटत, तीच राजधानी मातीस मिळाली होती. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वृद्ध जेझुइट पाद्रीने १७५६ साली पुस्तिका छापून जाहीर केले की हा भूकंप लोकांच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, आणि घरे बांधीत बसण्यापेक्षा लोकांनी पश्चात्तापात काळ घालवावा. तिकडे शहराची फेरउभारणी अंगावर घेतलेला मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेला, भिंतींच्या पोटात लाकडी चौकटींचा पिंजरा बसविण्याची तजवीज करीत होता, आणि त्या पिंजऱ्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पावले आपटीत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. १७६१ मध्ये मालाग्रिदाला पाखंडाच्या आरोपावरून देहदंड झाला. पोंबालच्या या क्रौर्याचे समर्थन मला करवत नाही. ज्या इन्क्विझिशनचा त्याने त्या म्हाताऱ्याविरुद्ध उपयोग करून घेतला, त्याचीच गोव्यातली शाखा त्याच्याच कारकिर्दीत १७७४ साली बंद व्हावी, हा इतिहासाचा एक विलक्षण न्याय म्हणावयाचा. मला येथे महत्त्वाचे वाटते ते रूसोचे पत्र. व्हॉल्तेअरने त्या भूकंपावर काव्य लिहून विधात्याच्या चांगुलपणाला आव्हान दिले, तेव्हा १८ ऑगस्ट १७५६ च्या आपल्या उत्तरात रूसोने असा काही मुद्दा काढला की, सहा-सहा सात-सात मजल्यांची वीस हजार घरे एका जागी निसर्गाने आणून ठेवलेली नव्हती. पाप-पुण्याच्या वादात ‘मजला’ ही वस्तू प्रथम आली ती येथे, असे मी समजतो. आणि ती आली ती फार योग्य जागी आली.

आपल्याकडे हाच वाद १९३४ साली उभा राहिला, आणि तो उभा करणारी माणसे सामान्य नव्हती. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार भूकंपाने हादरला. अस्पृश्यतेच्या पातकाबद्दल ईश्वराने दिलेले हे शासन होय, असे महात्माजींनी म्हटले. आणि रवींद्रनाथांनी, अस्पृश्यतेविषयी त्यांचे महात्माजींशी एकमत असूनही, भौतिक आपत्तीचे मूळ भौतिक घटनांतच असते, असे सांगून या विचारसरणीचा जाहीर प्रतिवाद केला. तो ‘हरिजन’मध्ये महात्माजींनी स्वतः छापला आणि सृष्टी व नीती यांचा संबंध ही आपली जिवंत श्रद्धा असल्याचे उत्तर दिले. दोघांविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला वाटते की दोन्ही बाजूंनी एक गोष्ट वगळली. महात्माजी कर्ता शोधीत होते, रवींद्रनाथ कारण शोधीत होते. धक्का आल्यावर त्याची वाटणी कशी होते, कोणाच्या माथी किती येते, हा तिसरा प्रश्न होता. तो त्यांचा विषय नव्हता हे खरे. पण नीतीचा विषय जर कोठे असेल तर तो याच तिसऱ्या प्रश्नात आहे.

या प्रश्नाचे उत्तर आज डिचोलीसारख्या लहान गावातही कोणत्याही स्थापत्य अभियंत्याच्या टेबलावर एका तक्त्याच्या रूपाने पडलेले असते. तो तक्ता मी एकदा बारकाईने पाहिला, आणि एरवी एखाद्या ग्रंथाच्या वाचनाने व्हावे तितके माझे समाधान त्या रकान्यांनी केले. पहिली गोष्ट अशी की भूकंपाचे बल म्हणून जे आपण समजतो ते बाहेरून इमारतीवर येऊन आदळत नाही. जमीन एकाएकी बाजूला सरकते; पायाला तिच्याबरोबर जावेच लागते; वरच्या मजल्यांचे वजन मात्र आपली जागा सोडावयास राजी नसते. दिवाडीहून येणारी फेरीबोट नार्व्याच्या धक्क्याला लागते तेव्हा उभ्याने आलेल्या उतारूला कोणी ढकलीत नाही, तरी तो पुढे झुकतो; तसेच हे. वजन जितके जास्त तितका हा हेका जास्त, आणि तितकेच बल जास्त. म्हणजे भूकंप हा फक्त चिथावणी देतो. बल ही इमारतीची स्वतःची कमाई असते.

दुसरी गोष्ट वाटणीची. भारतीय मानक क्रमांक १८९३, जे प्रथम १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि ज्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, ते प्रथम इमारतीच्या तळाशी मिळून किती आडवे बल येईल ते ठरवावयास सांगते. त्या मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत गोवा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतो. सामान्य वापराची चार मजल्यांची, चांगल्या प्रतीच्या काँक्रीटच्या सांगाड्याची इमारत घेतली आणि तिचे एकंदर वजन ७५० टन धरले, तर नियमाप्रमाणे तिच्या वाट्याला वजनाच्या शेकडा ४ म्हणजे ३० टन आडवे बल येते. हे ३० टन मजल्यामजल्यांत वाटावयाचे ते प्रत्येक मजल्याचे वजन आणि त्याच्या उंचीचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. चारही मजले सारख्या वजनाचे व सारख्या उंचीचे असतील तर हिशेब अगदी तोंडी होतो: उंचीच्या वर्गांचे प्रमाण १, ४, ९ आणि १६, बेरीज बरोबर ३०. पहिल्या स्लॅबला १ टन, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ९, आणि सर्वांत वरच्याला १६. निम्म्याहून अधिक बल एकट्या माथ्यावर उत्पन्न होते, कारण पाय जमिनीला जखडलेले आणि माथा मोकळा. झोका वाढत वाढत वर जातो.

पण तक्त्यात शेजारी आणखी एक रकाना असतो, आणि तो वरून खाली वाचावयाचा असतो. वरच्या मजल्याचे १६ टन त्याच्या खालच्या खांबांनी पेलले, ते खाली देताना त्यात ९ मिळाले, २५ झाले. मग ४ मिळून २९. आणि शेवटी तळमजल्याच्या खांबांपाशी पूर्ण ३० जमा झाले. ज्या स्लॅबने स्वतः अवघा १ टन उत्पन्न केला त्याच्या खालच्या खांबांनी ३० टन भरावयाचे. इमारतीला उलथू पाहणाऱ्या आघूर्णाचा हिशेब तर याहूनही कठोर असतो, कारण त्यात माथ्याचे बल पुन्हा आपल्या उंचीने गुणले जाते. भार जेथे उत्पन्न होतो तेथेच तो भोगला जात नाही: या एका वाक्यात त्या दोन रकान्यांचा अर्थ आहे, आणि कर्मविपाकाची आपली प्रचलित कल्पना, जीत प्रत्येकाचे खाते स्वतंत्र, ज्याचा खर्च त्याच्याच नावे, या दोन रकान्यांशी कोणत्याही उपायाने जुळत नाही.

उंचीचा वर्गच का, घन का नाही, साधे प्रमाण का नाही, असे कोणी विचारील तर त्याला सांगितले पाहिजे की हा घात सृष्टीने शिलालेखात कोरून दिलेला नाही. अमेरिकेतील नियमावलीत तो इमारतीच्या दोलनकालानुसार १ पासून २ पर्यंत बदलतो. आपल्या मानककारांनी सरसकट २ धरला. खरी इमारत खऱ्या भूकंपात निरनिराळ्या तऱ्हांनी एकाच वेळी डोलते; त्या सर्व डोलण्यांचा एक सावध सारांश म्हणजे हा नियम. जाणत्यांनी एकत्र बसून केलेला तो ठराव आहे, आणि त्याची योग्यता त्याच्या अचूकपणात नसून तो पाळला असता सहसा माणसे मरत नाहीत, यात आहे. पुष्कळ धर्मनियमांविषयीही इतकेच म्हणता आले असते तर बरे झाले असते.

हा ठराव किती किमतीने पदरात पडला, ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण बांधले तेव्हा दख्खनचे पठार अढळ समजले जात असे. तरीही शहाणपणा करून संकल्पकांनी भूकंपासाठी वजनाच्या विसाव्या हिश्शाइतके आडवे बल हिशेबात घेतले होते. चूक होती ती वाटणीत: हा विसावा हिस्सा त्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच दराने लावला. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती, त्यांना विशेष दोष देता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास जो धक्का बसला, जो गोव्यापर्यंत जाणवला आणि ज्यात सुमारे १८० माणसे गेली, त्याने धरणाला दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पाडल्या. आणि त्या पायथ्याशी नव्हेत, तर वरच्या भागात, जेथे धरणाच्या पाठीचा उतार एकाएकी बदलून त्याची मान निघते, तेथे. धरण उभे राहिले, पाणी अडून राहिले. पुढे त्याला काँक्रीटचे टेकू देऊन बळकट करण्यात आले. नंतरच्या मानकाने धरणांसाठी दर बदलला: माथ्याशी दीडपट, आणि तेथून उतरत पायथ्याशी शून्य. कोयनेच्या धक्क्याने जे शिकविले ते एका उतरत्या रेषेत मावले.

याच भूकंपाविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. शिवसागर जलाशय भरल्यानंतर त्या परिसरात लहान धक्के सुरू झाले, आणि मोठा भूकंपही त्या पाण्याशी निगडित असल्याचे भूकंपशास्त्रज्ञ बहुतांशी मानतात. जगातील अशा भूकंपांत कोयनेचे उदाहरण अग्रगण्य समजले जाते. म्हणजे आधिदैविकाचा शेवटचा बुरूजही येथे डळमळतो. जमिनीच्या पोटातील ताण जुनाच, पण त्याला वाट मिळाली ती बहुधा माणसाने अडविलेल्या पाण्यामुळे. तरीदेखील कोयनानगरात मेलेला मनुष्य त्या पाण्याचा लाभार्थी होता की नव्हता, ही चौकशी भूकंपाने केली नाही.

किल्लारीची कथा अधिक जिव्हारी लागणारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून लोक थकून झोपलेले. लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे आठ हजार माणसे त्या पहाटे गेली. तो प्रदेश त्या वेळच्या नकाशात सर्वांत सौम्य क्षेत्रात मोडत होता. घरे दगडमातीची, दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंतींची, आणि वर माळवद. लाकडी तुळया-किलचांवर पांढऱ्या मातीचे थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या माळवदावर पुन:पुन्हा माती चढते, बापाने घातलेल्या थरावर मुलगा थर घालतो, आणि घराचा माथा पिढ्यान्‌पिढ्या जड होत जातो. यात पाप कोठे आहे? उन्हापासून आणि पावसापासून मुलाबाळांचे रक्षण व्हावे, म्हणून केलेले हे पुण्यकर्मच की नाही? तरीही उंचीवर चढविलेले वजन हे भूकंपाच्या वहीत उधारीच्या बाजूलाच लिहिले जाते. कुडाच्या आणि छपराच्या हलक्या घरांनी त्या रात्री पुष्कळ ठिकाणी तग धरला, आणि चिरेबंदी प्रतिष्ठेच्या वाड्यांनी आपल्या माणसांना गाडून घेतले. कर्मवाद्याने या दोहोंतून नीतीचे प्रमेय काढू पाहिले, तर गरीब सारे पुण्यवान आणि वाडेवाले सारे पापी, असे काहीतरी त्यास म्हणावे लागेल. आणि दुसऱ्या एखाद्या भूकंपात ते प्रमेय बरोबर उलटे होईल.

उलटे झालेही. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाचे केंद्र कच्छात, परंतु तेथून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या पद्धतीच्या कित्येक इमारती पडल्या. त्यांच्या तळमजल्यावर मोटारी ठेवण्यासाठी नुसतेच खांब, भिंती नाहीत. वरच्या मजल्यांवर मात्र भिंतींची गर्दी. वरचे मजले एकसंध ठोकळ्यासारखे ताठ राहिले आणि साऱ्या हालचालीचा बोजा त्या उघड्या खांबांवर आला. वर म्हटलेला दुसरा रकाना येथे देहदंडाच्या हुकमासारखा अमलात आला. २००२ च्या मानकाने अशा तळमजल्याचे खांब हिशेबी बलाच्या अडीचपट बलासाठी सिद्ध करण्याचा पर्याय घातला. डिचोलीत काय किंवा म्हापशात काय, आज नवी इमारत उठते ती बहुधा अशाच मोकळ्या तळावर. त्या खांबांमध्ये राहणारे एकच कुटुंब असते, ते रखवालदाराचे.

वैशेषिकांनी पृथ्वीतील क्रियेची कारणे सांगताना नोदन आणि अभिघात यांच्याबरोबर संयुक्तसंयोग सांगितला आहे: जोडलेल्याशी जो जोडलेला, त्याच्याद्वारे क्रिया पुढे जाते. आणि त्याच सूत्रांत, ज्या विशेष हालचालींचा असा उलगडा होत नाही त्या अदृष्टाने घडतात, असे म्हणून भाष्यकारांनी भूकंप तेथे बसविला. वराहमिहिरानेही बृहत्संहितेच्या भूकंपलक्षणाध्यायात पूर्वाचार्यांची मते देताना, कोणी जलातील महाकाय प्राणी सांगतात, कोणी भाराने थकलेले दिग्गज सांगतात, कोणी वायूंची टक्कर सांगतात, तर कोणी अदृष्ट सांगतात, अशी यादी प्रामाणिकपणे दिली आहे. या आचार्यांना हसण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. जमीन का हलली हे त्यांस कळणे शक्य नव्हते, आणि जे कळत नाही त्याला अदृष्ट म्हणणे हे निदान सत्यास सोडून नाही. माझी तक्रार एवढीच की आपण अदृष्टाचा पसारा पायथ्याच्या वर वाढविला. जमिनीपर्यंत अदृष्ट; जोत्यापासून वर सारा संयुक्तसंयोग आहे, आणि तो डोळ्यांनी दिसतो, फुटपट्टीने मोजता येतो.

किती बारीक ठिकाणी तो मोजता येतो, याचे एक उदाहरण देतो. मघाशी शेकडा ४ चा जो दर सांगितला तो वास्तविक इमारतीवर येऊ शकणाऱ्या बलाचा पाचवा हिस्सा आहे. नियम आधी १५० टन धरतो आणि मग त्यास ५ ने भागून ३० करतो. ही सूट फुकट मिळत नाही. सांगाडा तुटण्यापूर्वी पुष्कळ वाकेल, भेगाळेल, पण आपल्या खांद्यावरचे टाकणार नाही, या हमीवर ती मिळते. आणि ती हमी शेवटी कोठे राहते, तर खांबाच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगच्या टोकाशी. ते टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घातले पाहिजे. काटकोनात वळवून सोडले तर वरचे काँक्रीट निखळताच रिंग उघडते, सळया फाकतात, आणि पाचाने भागण्याचा आपला अधिकार त्याच क्षणी संपतो. सळया बांधणाऱ्या कारागिराला काटकोन सोपा पडतो, हात लवकर चालतो, आणि रोजंदारी रिंगच्या नगावर ठरलेली असली तर त्याला दोष तरी किती द्यावा? पण काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याने ती रिंग वाकून पाहावयास हवी होती आणि पाहिली नाही, त्याच्याविषयी पाप हा शब्द वापरावयास मी कचरणार नाही. हा शब्द भाषेतून काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. तो मेलेल्याच्या नावावरून काढून जिवंताच्या नावावर चढवा, भूकंपानंतरच्या तारखेवरून भूकंपापूर्वीच्या तारखेवर न्या, एवढेच माझे मागणे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. या क्रमाकडे मी जितका अधिक पाहतो तितका तो मला अधिक मार्मिक वाटतो. जागा, बांधणारा, साहित्य, कारागिरी, या चौघांची हजेरी घेतल्यावाचून दैवाचे नाव पुकारावयाचे नाही. आपण मात्र बहुधा पाचव्यापासून आरंभ करतो आणि तेथेच दप्तर बांधतो. संचित आणि प्रारब्ध यांवर आपल्याकडे जितके व्याख्यान झाले, त्याच्या शतांशानेही क्रियमाणावर झाले नाही. आणि इमारतीचा संकल्प म्हणजे तर केवळ क्रियमाण.

जमीन हलली नाही म्हणजे आपले तर्कशास्त्र कसे ताळ्यावर येते, हेही पाहण्यासारखे आहे. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली एक इमारत भूकंपाचा मागमूस नसताना कोसळली आणि तिच्याखाली सापडून तीसएक माणसे मेली. त्यांत पोट भरण्यासाठी दूर मुलखातून आलेले मजूरच बहुसंख्य. त्या वेळी या मजुरांच्या पूर्वजन्माचा शोध कोणी घेतला नाही. परवाना कोणी दिला, नकाशा कोणी काढला, माल कोणी पुरविला, हीच चौकशी झाली, आणि ती अगदी योग्य झाली. मग त्याच इमारतीखालून जमीन चार बोटे सरकली असती, तर ही चौकशी एकदम अधार्मिक का व्हावी?

आता पुन्हा एकदा देवळाकडे. सप्तकोटेश्वराचे देवालय ठेंगणे आहे. उतरती कौलारू छपरे, गाभाऱ्यावर अष्टकोनी बैठकीवरचा बसका घुमट, समोर दीपस्तंभ. राज्य सरकारने केलेल्या जतनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. या ठेंगणेपणात भूकंपाचे शास्त्र होते, असा दावा करण्याचा मोह मला होत नाही. आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, हे म्हणणे हल्ली फार स्वस्त झाले आहे, आणि जाड भिंतींचे जडपण हे स्वतः एक ओझेच असते. इतकेच खरे की येथे वजन जमिनीलगत आहे, आणि ज्याचे वजन जमिनीलगत त्याच्या तक्त्यात १६ चा आकडा येत नाही. नदीपलीकडे जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या चर्चचा, मूळचा ४६ मीटर उंचीचा, मनोरा अर्धामुर्धा उभा आहे. त्याला भूकंपाने नव्हे, बेवारशीपणाने खाल्ले: १८३५ मध्ये तो मठ सोडून द्यावा लागला, १८४२ मध्ये चर्चचे छत बसले, १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. त्या पंथाच्या साधूंच्या पुण्याईविषयी यावरून काही ठरते, असे मानणारा हिंदूही मला आजवर भेटलेला नाही, ही समाधानाची बाब आहे.

एवढे मान्य झाले तर एक व्यवहाराचा प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. भार वर उत्पन्न होतो आणि खाली भोगला जातो, तर खालचे खांब बळकट करण्याचा खर्च कोणी सोसावा? समजा, त्या चार मजली इमारतीच्या उघड्या तळाच्या डागडुजीस ३० लाख रुपये लागतात. सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे दर मजल्याने साडेसात लाख द्यावे; भूकंपाच्या रिवाजाप्रमाणे पहिल्याने १, दुसऱ्याने ४, तिसऱ्याने ९ आणि चौथ्याने १६ लाख द्यावे. चौथ्या मजल्याचा मालक म्हणेल, मी विकत घेतला तेव्हा ही वाटणी मला कोणी सांगितली नव्हती. आणि खांब मोडले तर खाली जाणारा मीही आहेच. दोन्ही म्हणणी खरी आहेत. यावर पहिल्या मजल्याच्या मालकाने एवढेच विचारावे की, उंचीवरचा वारा आणि नदीचे दर्शन मिळते म्हणून बिल्डरला मजल्यागणिक जादा दर मोजताना ही उंची आपली खासगी मालमत्ता होती की नव्हती. माझा कौल पहिल्या मजल्याच्या बाजूने आहे. सभेत तो मंजूर होईल, अशी आशा मी धरीत नाही. लिफ्टचा खर्च तळमजल्याने द्यावा की नाही यावरच बहुतेक सभांचा कोरम मोडतो.